टिकाऊ लेदर बॅकपॅक कशी निवडावी? (सोलापुरात किंवा ऑनलाइन)

हुतात्मा_पॅसेंजर
नमस्कार मंडळी. पाठीवर अडकवायची लेदरची बॅग घ्यायचीय, अशी की एकदा घेतली की आठ-दहा वर्षं बघायला नको. सोमवारी पहाटे हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणे, शुक्रवारी परत सोलापूर, असं माझं चालू असतं. बॅगेत १५.६ इंची लॅपटॉप, चार्जर, डबा, पाण्याची बाटली, एक-दोन फायली आणि जाताना आईनं दिलेल्या कडक भाकऱ्या नि शेंगाचटणीचं पुडकं. सध्याची बॅग दुकानदारानं लेदर म्हणूनच दिली होती, पण दुसऱ्याच उन्हाळ्यात खांद्यावरच्या पट्ट्याचे पापुद्रे निघायला लागले आणि आता पांढऱ्या शर्टावर काळा भुसा पडायलाय. बजेट सात-आठ हजार, चीज चांगली असेल तर थोडं वर जाईन. नवी पेठेत फिरून आलो, जो तो प्युअर लेदर म्हणतोय, पण नेमकं काय विचारायचं तेच मला कळंना. ऑनलाइन बघावं तर फुल ग्रेन, टॉप ग्रेन, जेन्युइन, क्रेझी हॉर्स, हंटर असले शब्द. ह्यातलं खरंच बघायचं काय असतं?

पार्क_चौपाटी
लेदर कशाला ओ, नायलॉनची चांगली बॅग घ्या की. लेदरची रिकामी बॅगच दीड-दोन किलो भरते, त्यात दोन किलोचा लॅपटॉप, वर डबा नि बाटली. पुणे स्टेशनचा जिना चढून बसपर्यंत जाईस्तोवर खांदे भरून येतात. आणि आपल्या एप्रिल-मे मध्ये पाठीला चामडं चिकटवून फिरायचं म्हणजे विचार करा.

हुतात्मा_पॅसेंजर
वजनाचं पटतंय, पण नायलॉनच्या दोन बॅगा वापरून झाल्यात, दोन्हीची चेन गेली आणि कापड मात्र धडधाकट. आता मला अशी पाहिजे की जी बिघडली तर दुरुस्त होईल.

आरी_रापी
हा शेवटचा मुद्दा तुम्ही लाखाचा बोललात. आमच्या घरात चामड्याचं काम आहे, आधी चपला होत्या, आता पट्टे, पाकिटं आणि ऑर्डर असली तर बॅगा. म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी ते शब्द. जनावराचं कातडं जाड असतं, म्हशीचं तर फारच, ते मशीनवर आडवं चिरून त्याचे थर करतात. सगळ्यात वरचा थर, ज्यावर केसांची भोकं दिसतात, तो ग्रेन. त्यातले धागे एकमेकांत घट्ट विणलेले असतात, सगळी ताकद तिथं. हा थर न घासता तसाच ठेवला तर फुल ग्रेन. वरवर घासून, डाग-ओरखडे काढून, रंगाचा लेप देऊन एकसारखा केला तर बाजारात त्याला टॉप ग्रेन म्हणतात. खालचा उरलेला थर म्हणजे स्प्लिट, तो मोकळा, भुसभुशीत असतो, त्यावर प्लास्टिकचा लेप आणि वर ठसा मारून तेही लेदर म्हणून विकतात. तेही जनावराचंच असतं म्हणून त्याच्यावर जेन्युइन लेदर लिहिलं तरी खोटं ठरत नाही. म्हणजे जेन्युइन हा शिक्का दर्जाबद्दल काहीच सांगत नाही, एवढं डोक्यात पक्कं ठेवा. बाँडेड लेदर म्हणजे चामड्याचा भुसा आणि डिंक एकत्र करून काढलेला पत्रा, त्याच्या नादाला लागूच नका. तुमच्या बॅगेचे जे पापुद्रे निघायलेत तो बहुतेक पीयू, म्हणजे कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा थर. हवेतला ओलावा आणि उष्णता ह्यानं तो आतून तुटत जातो, बॅग वापरा नाहीतर कपाटात ठेवा, काही वर्षांत सोलणारच. त्याला तेल लावून, पॉलिश करून काही उपयोग नाही.

क्रेझी हॉर्स आणि हंटर ही ग्रेडची नावं नाहीत, फिनिशची आहेत. चामड्यात मेण-तेल मुरवलेलं असतं, दाबलं की त्या जागी रंग फिकट होतो, बोटानं चोळलं की परत येतो. बॅगेला हे चांगलं, कारण ओरखडा लपतो. पण फिनिश चांगलं म्हणून शिवण चांगली असं समजू नका.

आणि आता खरं सांगायचं ते. लेदरची बॅग चामडं फाटून जात नाही. मी दुरुस्तीला आलेल्या बॅगा बघतो, त्यात चामडं शाबूत आणि पट्टा उपटलेला, चेन गेलेली नाहीतर दोरा कुजलेला असंच असतं. म्हणून दुकानात गेलात की बॅगेचं तोंड बघायच्या आधी पाठ बघा. पट्टा वरच्या बाजूला जिथं बॅगेला भेटतो तिथं बोट घालून बघा. दोन तुकड्यांच्या मधे पट्टा नुसता दाबून एक शिलाई मारलेली असेल तर ती जागा आधी जाणार, कारण सगळं वजन तिथं लोंबतं आणि तुम्ही बॅग एका खांद्यावर टाकता तेव्हा झटका तिथंच बसतो. चांगल्या बॅगेत तिथं चामड्याचा वेगळा जाड तुकडा लावून चौकोन आणि मधे फुली अशी शिवण असते, आतून आणखी एक अस्तराचा जोड असतो. रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेल्या धातूच्या खिळ्या, असले तर उत्तम, पण नुसत्या रिव्हेटवर लटकवलेला पट्टा नको. टोपीवाले पोकळ रिव्हेट ओढले की निघून येतात, आतून वॉशर असलेले तांब्याचे भरीव रिव्हेट निघत नाहीत.

शिवण मोजा. इंचाला सहा ते आठ टाके असले की बास. लोकांना वाटतं बारीक टाके म्हणजे मजबूत, कापडात असतं तसं, पण चामड्यात प्रत्येक टाक्याला भोक पडतं आणि भोक काही परत बुजत नाही. फार जवळजवळ भोकं झाली की पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा हवा, जाड. सुती दोरा घामानं कुजतो.

होटगी_रोडवाला
अण्णा, एक नंबर माहिती दिलीत. ह्या चर्चेची लिंक आमच्या ग्रुपवर टाकतो. एक विचारायचं होतं, व्हेजिटेबल टॅन घ्यावं की क्रोम? सगळे म्हणतात व्हेज टॅनच खरं लेदर.

आरी_रापी
दोन्ही खरीच. व्हेज टॅन म्हणजे झाडाच्या साली-फळांच्या रसात कमावलेलं, आपल्याकडं बाभळीची साल आणि हिरडा. वेळ खातं, आठवडेच्या आठवडे जातात. कोल्हापुरी चपलेचं चामडं तसलंच. आणि त्या चपलेला २०१९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तो एकट्या कोल्हापूरला नाही, महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांना आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात आपला सोलापूर पण आहे. हे आपल्याच लोकांना माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहिलं.

क्रोम म्हणजे क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं, एका दिवसात काम होतं, जगातलं बहुतेक चामडं तेच. मऊ असतं, पाणी आणि ऊन व्हेजपेक्षा जास्त सोसतं. व्हेज कडक असतं, आकार धरून राहतं, कमी ताणतं, वापरून वापरून रंग गडद होत जातो आणि लई देखणं दिसतं, पण पाण्याचा थेंब पडला की डाग धरतं. पाठीवरच्या बॅगेला माझ्या मते अंग क्रोमचं आणि पट्टे व्हेजचे, हे सगळ्यात चांगलं. पट्टे पण क्रोमचेच असतील तर आतून नायलॉनची नवार घातलीय का विचारा, नाहीतर वर्षभरात पट्टे लांबतात आणि बॅग कमरेच्या खाली येते. कापलेली कड बघितली तर अंदाज येतो. क्रोमची कड आतून निळसर-राखाडी, व्हेजची आरपार तपकिरी. आरपार रंगवलेलं असलं किंवा कडेला रंग लावलेला असला तर मात्र ओळखू येत नाही.

शाळेतल्या_बाई
माझाही अनुभव लिहिते. मी ती राजस्थानी बकरीच्या चामड्याची ब्राउन बॅग वापरते, ऑनलाइन स्वस्तात मिळतात त्यातली. दिसायला छान आहे, हलकी आहे, पण दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात. एक म्हणजे वास. नवीन असताना इतका उग्र होता की स्टाफरूममध्ये ठेवता येईना, गॅलरीत सावलीत उघडी टांगून ठेवली तेव्हा हळूहळू गेला. आणि दुसरं म्हणजे रंग. मे महिन्यात सात रस्त्यावरून चालत आले आणि घामानं मोतिया रंगाच्या साडीच्या खांद्यावर तपकिरी पट्टा उमटला, तो धुऊन गेला नाही. तेव्हापासून मी कुणालाही सांगते की दुकानात जाताना पांढरा रुमाल घेऊन जा, थोडा ओला करा आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूवर जोर लावून वीसेक वेळा घासा. दुकानदार काही म्हणो. रुमालाला रंग लागला तर तुमच्या शर्टालाही लागणार.

आणि बायकांसाठी सांगते, पुरुषांच्या मापाच्या बॅगेचे पट्टे आमच्या खांद्यावरून घसरतात, वरच्या बाजूला दोन पट्ट्यांमधलं अंतर कमी असलेली बॅग घ्या. अडकवून, आत वजन टाकून, आरशात बघून मगच घ्या.

हुतात्मा_पॅसेंजर
ताई, रुमालाची आयडिया भारी आहे, हे मी नक्की करणार.

चिंचोळी_एमआयडीसी
चेनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, रोज बॅग घेऊन प्लांटला जातो, धूळ म्हणजे किती ते विचारू नका. चेनचा नंबर असतो, ३, ५, ८, १०, बहुतेक वेळा रनरच्या मागच्या बाजूला लिहिलेला असतो. चेन लावल्यावर दातांची रुंदी साधारण तेवढे मिलिमीटर. मोठ्या कप्प्याला ८ किंवा १० पाहिजे, पुढच्या खिशाला ५ चालते. बऱ्याच महागड्या दिसणाऱ्या बॅगांना मोठ्या कप्प्यालाही ५ लावलेली असते, आणि तिथंच बॅग मरते. वायकेके ह्या जपानी कंपनीची असेल तर चांगलं, पण नाव बघून थांबू नका, नाव कोरलेला नकली रनर पण मिळतो. कोपऱ्यावरून वळणारी चेन असेल तर धातूपेक्षा नायलॉनची बरी, धातूचे दात वळणावर घासले जातात. चेन आणि चामड्याची कड ह्यात थोडं अंतर आहे का बघा, नाहीतर अस्तर अडकत राहतं.

आणि चेन खराब झाली म्हणून कुणी बॅग टाकू नका बाबांनो. दहातल्या नऊ वेळा चेन ठीक असते, रनर ढिला झालेला असतो. रनर बदलला की झालं, किरकोळ पैशात होतं.

पार्क_चौपाटी
एवढं सगळं बघून घ्यायची म्हटलं तर आठ हजारात मिळंल का?

आरी_रापी
मिळते. हिशोब सांगतो. चामडं स्क्वेअर फुटावर विकतात. तुम्हाला लागते त्या मापाच्या बॅगेला कापाकापीतली घट धरून बारा-पंधरा फूट जातं. ज्याच्याकडं करून घेणार त्याला आजचा रेट विचारा, गुणाकार करा, वर अस्तर, चेन, बकल आणि मजुरी. मग तुमचं तुम्हालाच कळेल की दीड-दोन हजारात पूर्ण फुल ग्रेन बॅग देतो म्हणणारा काय देत असेल. माल बहुतेक कानपूर, कोलकाता नाहीतर तमिळनाडूतल्या आंबूर-राणीपेठकडचा असतो, मुंबईत धारावीतून मिळतो. आपल्या भागात म्हशीचं जास्त, त्याची भोकं मोठी आणि दाणा जाडसर दिसतो, त्याला हलकं समजू नका, ताकदीला ते कमी नाही.

जाडी दीड ते दोन मिलिमीटर पुरे. त्यापेक्षा जाड घेतलं तर वजन वाढतं, टिकाऊपणा वाढत नाही. पट्टे मात्र जनावराच्या पाठीच्या भागातून कापलेले हवेत, पोटाकडचं चामडं सैल असतं, ताणतं. कारागिराला "पट्टे पाठीतले घाला" एवढं म्हटलं की तो समजून जातो की समोरच्याला कळतंय.

होटगी_रोडवाला
व्हीगन लेदर पण बघितलं होतं ऑनलाइन, ते कसं?

आरी_रापी
ज्याला चामडं नकोच आहे त्याचा तो विचार, त्याचा आदर आहे. पण त्या नावाखाली बहुतेक वेळा पीयूच असतं. टिकाऊपणा हवा असेल आणि चामडं नको असेल तर सरळ जाड कॅनव्हास घ्या.

सात_रस्ता
कॅनव्हासवरून आठवलं, मधला मार्ग का नाही बघत? अंग मेण लावलेल्या कॅनव्हासचं, बूड आणि पट्टे चामड्याचे. झीज बुडाला नि पट्ट्यालाच होते, ट्रेनच्या रॅकवर ढकलताना बूडच घासतं. वजन पण कमी होतं.

आणि पूर्ण लेदर घेतली तरी पाठीला टेकणारी बाजू चामड्याची नको. जाळीची किंवा कॅनव्हासची हवी. सोलापूरच्या उन्हात घाम येतो, घामातलं मीठ चामड्यात मुरतं, पांढरे डाग धरतात आणि ती जागा कडक होऊन तडकते.

हुतात्मा_पॅसेंजर
हे डोक्यातच आलं नव्हतं. निगा कशी ठेवायची तेपण सांगा. आमच्या आजोबांच्या चपलेला घरचं करडईचं तेल लावायचे, बॅगेला चालंल?

सात_रस्ता
चालतंय की, आमच्याकडं पण लावायचे. जुन्या लोकांना कळत होतं.

आरी_रापी
इथं मी थोडा विरोध करतो, राग मानू नका. आपल्या जिल्ह्यात करडई पिकते म्हणून घरात ते तेल असायचं आणि चपलेला लागायचं, चप्पल वर्ष-दोन वर्षांची सोबती, तिला चालून गेलं. पण करडईचं तेल हवेत हळूहळू वाळतं, त्याचा चिकट थर होतो, रंगात सुद्धा ते त्याच गुणामुळं वापरतात. दहा वर्षं वापरायच्या बॅगेवर तो थर बसला की धूळ धरतो आणि दोऱ्याच्या भोकांत साचतो. एरंडेल वाळत नाही, ते बोटाच्या टोकावर घेऊन अगदी पुसट फिरवलं तर चालतं. खोबरेल थंडीत गोठतं आणि चामडं काळवंडतं. माझं मत विचाराल तर मेण असलेलं लेदर कंडिशनर किंवा नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेलं) आणा, सहा महिन्यांतून एकदा, सुती फडक्यानं, आधी बुडाला आतल्या कोपऱ्यात लावून रंग किती बदलतो ते बघून. जास्त लावू नका. तेलानं ओथंबलेलं चामडं सैल पडतं, पट्टा लांबतो. लोक प्रेमापोटी तेल लावून लावून बॅग बिघडवतात, सुकून गेलेल्या बॅगा त्यामानानं कमी येतात माझ्याकडं.

आपल्याकडं मुख्य वैरी ऊन आहे. मे महिन्यात गाडीच्या डिकीत किंवा गच्चीवर बॅग ठेवू नका, आतलं तेल उडून जातं आणि चामडं तडकतं, मग काही केलं तरी जुळत नाही. आणि पाऊस आपल्याकडं सप्टेंबरात धरतो, तेव्हा भिजली तर उन्हात नको, हीटर-ड्रायर तर नकोच. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, पंख्याखाली सावलीत ठेवा, पेपर ओले झाले की बदला. वाळत आली की पुसट कंडिशनर.

शाळेतल्या_बाई
आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकू नका, बुरशी येते. मी जुन्या सुती चादरीत गुंडाळून ठेवते. बुरशी आलीच तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन फडक्यानं पुसायचं, सावलीत वाळवायचं.

हुतात्मा_पॅसेंजर
अपडेट देतो. शनिवारी परत बाजारात गेलो, ओला रुमाल घेऊन. पहिल्या दुकानातली काळी बॅग, भाव सगळ्यात जास्त, रुमाल काळा झाला. दुसऱ्या दुकानात रंग नाही लागला, चेन ८ नंबरची, पण पट्ट्याची जोडणी एका शिलाईची, वर नुसता पोकळ रिव्हेट. आत हात घालून अस्तर बाजूला केलं तर जोड पण नव्हता. दुकानदार चांगला माणूस, तो म्हणाला आजवर कुणी असं आत हात घालून बघितलं नाही. तिसरीकडं टॉप ग्रेनची बॅग आवडली, सगळं नीट, फक्त लॅपटॉपचा कप्पा तळाला टेकलेला, म्हणजे बॅग खाली ठेवली की लॅपटॉप आपटणार.

मग ओळखीतून एका कारागिराकडं गेलो. तो म्हणतोय म्हशीचं क्रोम, १.८ मिलिमीटर, बूड दुहेरी, पाठ कॅनव्हासची, पट्टे व्हेजचे आणि आतून नवार, लॅपटॉपचा कप्पा तळापासून इंचभर वर. साडेआठ हजार म्हणाला, तीन आठवडे लागतील. मशीनवर शिवणार, पण पट्ट्याची जोडणी हातानं, दोन सुयांची. द्यावी का ऑर्डर?

आरी_रापी
डोळे झाकून द्या. दोन सुयांची शिवण म्हणजे एकच दोरा, दोन्ही टोकांना सुई, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी जातो. मशीनच्या शिवणीत वरचा नि खालचा दोरा एकमेकात अडकलेला असतो, एक टाका तुटला की शेजारचे सुटत जातात. हाताच्या शिवणीत एक तुटला तरी दुसरा फेरा धरून ठेवतो. पट्ट्याला तीच पाहिजे. आणि नंतर कधी सुटलीच तर रस्त्यावर चपला शिवणारा माणूस आरी आणि मेण लावलेला दोरा घेऊन त्याच भोकातून शिवून देईल. मी दुरुस्तीचा मुद्दा लाखाचा म्हणालो ते ह्याचसाठी. बॅगेला कुठल्या तरी खास कंपनीचं बकल, डिंकानं चिकटवलेल्या कडा, साच्यातले प्लास्टिकचे पट्टे असले की ती कितीही महाग असो, बिघडली की आपल्या गावात कुणीच हात लावत नाही.

ऑर्डर देताना दोन गोष्टी सांगा. अस्तर सगळीकडून चिकटवू नका म्हणावं, एका बाजूला शिवण अशी ठेवा की उसवून आत हात घालता येईल, नाहीतर उद्या चेन बदलायची म्हटली की अख्खी बॅग उसवावी लागते. आणि बकल, डी-रिंग पितळेच्या घ्या. जस्ताच्या ओतीव रिंगा वरून तशाच चकाकतात पण वजनानं मधेच तुटतात. हातात घेऊन बघा, पितळ जड लागतं. कानशीनं आतल्या बाजूला जरा घासलं तर पितळ आतूनही पिवळंच दिसतं, जस्त पांढुरकं निघतं.

चिंचोळी_एमआयडीसी
त्याच चेनचे दोन जादा रनर कारागिराकडून मागून घ्या आणि बॅगेच्या आतल्या खिशात टाकून ठेवा. पाच वर्षांनी तोच मेक मिळेलच असं नाही.

हुतात्मा_पॅसेंजर
ॲडव्हान्स देऊन आलो. पितळेचे बकल, मोकळं अस्तर, जादा रनर, सगळं वहीत लिहून घेतलं त्यानं. बाटलीचा खिसा बाहेरून घ्यावा का आत, हे विचारत होता.

शाळेतल्या_बाई
बाहेरूनच घ्या. आत बाटली झिरपली तर लॅपटॉपही गेला आणि चामडंही.

आरी_रापी
बाहेरून, आणि खिशाच्या तळाला पाणी निघायला एक छोटी आयलेट, म्हणजे धातूची कडी बसवलेलं भोक, मारायला सांगा.